सार्वजनिक ईव्ही चार्जिंग महाराष्ट्रात नेमके कुठे अडते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विजेची गाडी घेऊ पाहणाऱ्यांचे आणि घेऊन बसलेल्यांचे बहुतेक प्रश्न शेवटी एकाच ठिकाणी येऊन थांबतात: घराबाहेर पडल्यावर वाटेत चार्जिंग मिळेल का, आणि मिळालेच तर ते चालू असेल का? या दोन प्रश्नांपैकी पहिल्याची चर्चा खूप होते आणि दुसऱ्याची फार कमी. मला दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो आणि पुढील उत्तरांत तो पुन्हा पुन्हा येईल.

राज्यात सार्वजनिक चार्जिंग स्टेशन किती आहेत, आणि ती पुरेशी आहेत का?

केंद्र सरकारने दिलेल्या आकडेवारीनुसार फेब्रुवारी २०२४ मध्ये देशात १२,१४६ सार्वजनिक चार्जिंग स्टेशन होती आणि त्यांपैकी ३,०७९ महाराष्ट्रात, म्हणजे देशात सर्वाधिक होती. त्याच वर्षीच्या डिसेंबरपर्यंत देशाचा आकडा २५,२०२ वर पोहोचला; महाराष्ट्र मात्र ३,७२८ पर्यंतच आला आणि ५,७६५ स्टेशनांसह कर्नाटक पुढे निघून गेले. देशाचा आकडा दुपटीहून वाढत असताना आपला एकपंचमांशाने वाढावा, ही गोष्ट गांभीर्याने घेण्यासारखी आहे.

तरीही केवळ स्टेशनांच्या संख्येवरून प्रवाशाची सोय कळत नाही. एका कोपऱ्यात एकच संथ चार्जर असलेली जागाही एक स्टेशन असते आणि सहा जलद चार्जर असलेली जागाही एकच स्टेशन असते. महिनाभर बंद पडलेला चार्जर यादीतून आपोआप गळत नाही. मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक या पट्ट्यात पर्याय तरी असतात; मराठवाड्यातील किंवा विदर्भातील आतल्या तालुक्यांत एक चार्जर बंद निघाला, तर पुढचा कित्येक किलोमीटर लांब असतो.

संथ आणि जलद चार्जिंगमध्ये नेमका फरक काय?

बॅटरीत वीज साठते ती डीसी, म्हणजे एकदिश प्रवाहाच्या रूपात, आणि तारेतून येते ती एसी, म्हणजे सतत दिशा बदलणाऱ्या प्रवाहाच्या रूपात. संथ चार्जिंगमध्ये एसीचे डीसी करण्याचे काम गाडीतील छोटे यंत्र करते आणि त्याची क्षमता बहुधा ३.३ किंवा ७.२ किलोवॅट असते. ४५ युनिटांची बॅटरी त्या वेगाने भरायला सहा-सात तास किंवा त्याहून अधिक लागतात. जलद चार्जिंगमध्ये हे रूपांतर बाहेरच्या मोठ्या यंत्रात होते आणि वीज थेट बॅटरीत जाते. ६० किलोवॅटच्या चार्जरवर तीच बॅटरी १० टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर यायला पाऊण तासाच्या आसपास वेळ लागतो.

ऐंशी टक्क्यांपुढे वेग झपाट्याने उतरतो. तांब्या काठोकाठ येऊ लागला की आपण धार बारीक करतो, तसेच बॅटरीची नियंत्रण प्रणाली करते. म्हणूनच मागे रांग असताना ८० टक्क्यांवर गाडी काढून घेणे हा निव्वळ शिष्टाचाराचा भाग राहत नाही. शेवटच्या वीस टक्क्यांसाठी अडवलेल्या वेळात दुसऱ्या कोणाची गाडी बरीचशी भरून निघाली असती.

चार्जर बसवायला इतका वेळ का लागतो? तो तर एक खांबच आहे.

खांब उभा करणे हे या कामातील सर्वांत सोपे काम आहे. अडचण त्याच्या मागे असते.

एका ठिकाणी ६० किलोवॅटचे चार चार्जर बसवायचे ठरवले, तर एकूण भार २४० किलोवॅट होतो आणि त्यासाठी साधारण ३१५ केव्हीएचे रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) लागते. गावाकडच्या एका वाडीला वीज देणारे रोहित्र अनेकदा ६३ किंवा १०० केव्हीएचे असते, हे लक्षात घेतले म्हणजे प्रश्नाचा आकार कळतो. महामार्गालगतच्या एखाद्या हॉटेलाच्या अंगणात आपण एका दमात काही वाड्यांइतकी वीज मागत असतो. तेथील वाहिनीवर तेवढा भार शिल्लक आहे का, उपकेंद्र किती दूर आहे, नवी उच्चदाब वाहिनी कोणाच्या शेतातून न्यावी लागेल, रस्ता खोदायचा असेल तर तो महामार्ग प्राधिकरणाचा आहे की सार्वजनिक बांधकाम खात्याचा की नगरपालिकेचा, विद्युत निरीक्षकांची तपासणी कधी होईल, या प्रत्येक पायरीला वेगळा अर्ज, वेगळे शुल्क आणि वेगळी वाट पाहणे असते. चार्जर यंत्र गोदामातून आठवड्याभरात येऊ शकते, पण ते महिनोन्महिने प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या अवस्थेत विजेची वाट पाहत उभे राहते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने वीज ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती करून नव्या जोडणीची मुदत महानगरांत ३ दिवस, इतर नगरपालिका क्षेत्रांत ७ दिवस आणि ग्रामीण भागात १५ दिवस अशी आणली. ही दुरुस्ती स्वागतार्ह आहे. मात्र ज्या ठिकाणी वाहिनी किंवा रोहित्रच नव्याने उभे करायचे आहे, तेथे दिवसांच्या हिशोबाने काम होत नाही, आणि जलद चार्जिंगची नेमकी हीच ठिकाणे असतात.

चार्जिंग स्टेशन सुरू करायला वीज विकण्याचा परवाना लागतो का?

नाही. चार्जिंग ही सेवा आहे, विजेची विक्री नव्हे, असे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्ये स्पष्ट केले. तांत्रिक आणि सुरक्षेच्या अटी पाळून कोणतीही व्यक्ती किंवा संस्था स्टेशन उभारू शकते. महाराष्ट्रात या कामासाठी महावितरण ही राज्याची समन्वय संस्था आहे.

दर किती किलोमीटरवर चार्जर असावा, असा काही नियम आहे का?

केंद्राच्या आधीच्या मार्गदर्शक सूचनांत शहरांत ३ किलोमीटर बाय ३ किलोमीटरच्या प्रत्येक चौकटीत एक आणि महामार्गांवर दर २५ किलोमीटरला दोन्ही बाजूंना एक स्टेशन असे प्रमाण होते. सप्टेंबर २०२४ च्या सूचनांनी ते अधिक कडक केले: २०३० पर्यंत शहरांत १ किलोमीटर बाय १ किलोमीटर आणि महामार्गांवर दर २० किलोमीटरला. महाराष्ट्राच्या २०२५ च्या धोरणात महामार्गांसाठी २५ किलोमीटरचे अंतर धरले आहे. 'दोन्ही बाजूंना' हे शब्द फार मोलाचे आहेत. मधला दुभाजक सलग असेल, तर पलीकडच्या बाजूचा चार्जर डोळ्यांना दिसतो, पण तेथे पोहोचायला पुढच्या वळणापर्यंत जाऊन परत यावे लागते, आणि बॅटरी सात टक्क्यांवर असताना तो वळसा अंगावर येतो.

बाहेर चार्जिंग इतके महाग का पडते? घरी तर स्वस्तात होते.

जलद चार्जिंगचा दर आज बहुतेक ठिकाणी युनिटमागे १८ ते २५ रुपयांच्या घरात असतो. त्यामागे नफेखोरी आहे असा सरसकट समज आहे. हिशोब मात्र वेगळे सांगतो.

६० किलोवॅटचा चार्जर दिवसभर अखंड चालला तर १,४४० युनिट वीज देईल. प्रत्यक्षात तो पाच टक्के वेळ वापरात असेल, तर ७२ युनिट, म्हणजे दिवसाला दोन-तीन गाड्या. यंत्राची किंमत, रोहित्राचा खर्च, जागेचे भाडे, दुरुस्ती, इंटरनेट आणि कर्जाचे व्याज या दोन-तीन गाड्यांकडूनच वसूल करायचे असते. त्यात वीजबिलातील स्थिर आकार वापरावर नव्हे, तर मंजूर भारावर किंवा मागणीवर ठरत असेल, तर एकही गाडी न येणाऱ्या दिवशीही मीटर पैसे मोजत राहतो. म्हणूनच केंद्राने सार्वजनिक स्टेशनांसाठी एकभागी, म्हणजे केवळ युनिटवर आधारलेला दर ठेवण्याचे सांगितले आणि तो पुरवठ्याच्या सरासरी खर्चाशी बांधला: सकाळी ९ ते दुपारी ४ या सौर तासांत त्या खर्चाच्या ०.७ पट आणि इतर वेळी १.३ पट. यामागचा विचार योग्य आहे, कारण दुपारी सौर वीज भरपूर असते आणि संध्याकाळी सात वाजता सगळे राज्य दिवे, पंखे आणि मिक्सर लावून बसलेले असते.

आणखी एक भर कराची. घरच्या विजेवर जीएसटी नाही, पण चार्जिंग 'सेवा' ठरल्यामुळे तिच्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. गाडीवर आणि चार्जर यंत्रावर ऑगस्ट २०१९ पासून ५ टक्के कर असताना त्याच गाडीत वीज भरण्यावर १८ टक्के असावा, हे मला न पटणारे आहे, विशेषतः ज्यांच्याकडे स्वतःची पार्किंगची जागा नाही आणि ज्यांना बाहेरच चार्ज करावे लागते, त्यांचा विचार केला तर.

ॲपवर 'उपलब्ध' दिसणारा चार्जर प्रत्यक्षात बंद का निघतो?

अनेक कारणे असतात आणि त्यांपैकी बरीच अगदी क्षुल्लक असतात. ग्रामीण वाहिनीवर एक फेज जाते किंवा दाब खाली येतो आणि यंत्र स्वतःला वाचवण्यासाठी बंद होते. दाब पूर्ववत झाला तरी ते आपोआप उठत नाही. यंत्र मोबाइलच्या सिमकार्डावरून सर्व्हरशी बोलते, आणि घाटात रेंज नसेल तर सर्व्हर शेवटची कळलेली स्थितीच दाखवत राहतो. हवा खेचणाऱ्या जाळ्या धुळीने बुजतात, उंदीर तारा कुरतडतात, पॅनेलमध्ये पाल शिरते, केबलमधील तांब्यासाठी चोरी होते. गाड्यांच्या खाली पडून, चाकाखाली येऊन गनचे, म्हणजे केबलच्या टोकाच्या जोडणीचे, तोंड मोडते.

दोन वर्षांपूर्वी पुण्याहून कोल्हापूरकडे जाताना कराडच्या अलीकडे रात्री साडेदहाला मी अशाच एका चार्जरसमोर उभा होतो. पाऊस चालू होता, बॅटरी ११ टक्के होती, ॲपवर हिरवा ठिपका होता आणि यंत्राच्या पडद्यावर नुसती लाल रेघ होती. मदत क्रमांकावर वीस मिनिटे ध्वनिमुद्रित संगीत ऐकल्यावर तक्रार नोंदली गेली आणि 'अभियंता उद्या येईल' असे उत्तर मिळाले. शेजारच्या चहाच्या टपरीवरचा मुलगा हे पाहत होता. तो छत्री न घेताच आला, यंत्राच्या बाजूचे आणीबाणीचे लाल बटण त्याने उजवीकडे पिळले, ते 'टक्' करून बाहेर आले आणि मिनिटभरात पडदा जिवंत झाला. दुपारी कोणीतरी ते बटण दाबून गेले होते. यंत्रणेत कोणताही बिघाड नव्हता. तेथे फक्त ते पिळून सोडायचे हे ठाऊक असलेला माणूस नेमलेला नव्हता.

ही गोष्ट मी मुद्दाम सविस्तर सांगतो आहे, कारण या क्षेत्रातील अनुदाने आजवर प्रामुख्याने उभारणीवर मोजली गेली. चार्जर बसला, उद्घाटन झाले, छायाचित्र आले, की उद्दिष्ट एकाने पुढे सरकते. तो वर्षातील ८,७६० तासांपैकी किती तास चालू होता, याचा हिशोब सार्वजनिकपणे मांडला जात नाही. पेट्रोल पंपावर माणूस असतो म्हणून पंप चालतो. चार्जरजवळ माणूस नसेल, तर निदान पंपावरच्या, हॉटेलातल्या किंवा टपरीवरच्या एका माणसाला अर्ध्या दिवसाचे प्रशिक्षण आणि महिन्याला थोडे मानधन द्यावे. त्यातून कितीतरी अडलेले प्रवास सुटतील.

प्रत्येक कंपनीचे वेगळे ॲप का लागते?

चार्जर चालवणाऱ्या प्रत्येक कंपनीची नोंदणी, पैसे घेणे आणि बिल देणे ही व्यवस्था स्वतंत्र आहे. बहुतेक ठिकाणी आधी ॲपच्या पाकिटात (वॉलेटमध्ये) पैसे भरावे लागतात, आणि सहा ॲपांत शंभर-दोनशे रुपये अडकून पडलेले असणे ही नेहमीची तक्रार आहे. यंत्र आणि सर्व्हर यांची भाषा आता बहुतांशी समान आहे. एका कंपनीच्या ॲपवरून दुसरीचा चार्जर सुरू करू देण्याची व्यावसायिक तयारी तेवढी झालेली नाही. यूपीआयने बँकांच्या बाबतीत जे करून दाखवले, तेच येथे व्हायला हवे. ज्येष्ठ नागरिकाने पावसात उभे राहून नवे ॲप उतरवावे, ओटीपीची वाट पाहावी आणि मग पैसे भरावेत, ही अपेक्षाच चुकीची आहे.

माझ्या गाडीला कोणताही चार्जर चालतो का?

आजच्या बहुतेक विजेच्या कारना जलद चार्जिंगसाठी सीसीएस-२ आणि संथ चार्जिंगसाठी टाइप-२ ही गन चालते. सुरुवातीच्या वर्षांत सरकारी खरेदीतील गाड्यांसाठी १५ किलोवॅटचे 'भारत डीसी-००१' चार्जर मोठ्या संख्येने बसवले गेले, आणि त्यांची गन आजच्या गाड्यांना बसत नाही. काही ठिकाणी ते अजूनही उभे आहेत आणि नकाशावर चार्जर म्हणून दिसतात. निघण्याआधी गनचा प्रकार पाहून घ्यावा.

घाट चढताना बॅटरी किती जाते?

भीतीपेक्षा कमी. सोळाशे किलोची गाडी ६०० मीटर उंचीवर चढवायला गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सुमारे २.६ युनिट ऊर्जा लागते. यंत्रणेतील गळती धरली तर तीन युनिटांच्या आसपास. खंडाळ्याची चढण साधारण याच हिशोबाची आहे. उतरताना त्यातील काही भाग बॅटरीत परत येतो. पुण्याकडे जाताना लोणावळ्यात टक्केवारी पाहून घाबरून थांबणाऱ्यांना पुढे पुण्यापर्यंत बहुतेक वेळा काहीच अडचण येत नाही. मात्र घाटात गाड्यांची कोंडी होते, एसी चालू राहतो आणि तेवढ्यापुरती राखीव बॅटरी हवी, हे खरे.

समृद्धी महामार्गावर मात्र अंदाज का चुकतो?

वेगामुळे. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि ७०१ किलोमीटरच्या या मार्गावर कारसाठी वेगमर्यादा १२० आहे. शहरात सवयीचा झालेला पल्ला तेथे बराच घटतो, त्यात विदर्भातील उन्हाळ्यात एसीचा भार. नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला तेव्हा वाटेतील सोयीसुविधा अपुऱ्या होत्या. जून २०२५ मध्ये इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पाही सुरू झाला. विजेच्या गाड्यांना या मार्गावर पथकर माफ करण्याचा निर्णय राज्याच्या २०२५ च्या धोरणात आहे. पथकर माफ झाल्यावर गाड्या वाढणार, त्यामुळे चार्जरांची संख्या आणि देखभाल त्या आधीच वाढलेली असायला हवी.

गणपतीला कोकणात विजेची गाडी घेऊन जावे का?

जावे, पण तयारीने. ही सार्वजनिक चार्जिंगची वर्षातील सर्वांत कठीण परीक्षा आहे. वर्षभर दिवसाला दोन-तीन गाड्या पाहणाऱ्या चार्जरवर चतुर्थीच्या आधीच्या दोन रात्रींत रांग लागते. पेट्रोलची एक गाडी पाच मिनिटांत भरून निघते. येथे प्रत्येक गाडीला पाऊण तास. तुमच्यापुढे तीन गाड्या असतील, तर तुमची पाळी यायलाच सव्वादोन तास लागतात, आणि मागच्या आसनावर आई, लहान मुले आणि मखराचे सामान असते.

एवढ्या दोन रात्रींसाठी कायमचे दहा चार्जर बसवणे कोणालाही परवडणार नाही. ट्रकवर बसवलेले फिरते चार्जर, रात्री अकरा ते पहाटे पाच या वेळेत संथ चार्जिंगसाठी खुली केलेली मंगल कार्यालये आणि शाळांची मैदाने, रांगेचे टोकन, अशा तात्पुरत्या व्यवस्था मात्र करता येतील. एसटी दरवर्षी जादा गाड्या सोडतेच; त्याच धर्तीवर पाली, महाड, चिपळूण, हातखंबा, कणकवली या टप्प्यांवर जादा चार्जिंगचे नियोजन व्हावे, अशी माझी मनापासूनची मागणी आहे. ज्यांचे गावात घर आहे त्यांनी तेथे १५ अँपिअरचा सॉकेट आणि चांगले अर्थिंग करून घ्यावे. रात्रभराच्या संथ चार्जिंगवर गावातले दिवस निघून जातात.

पावसात चार्जिंग करणे सुरक्षित आहे का?

होय, यंत्र योग्य रीतीने बसवलेले असेल तर. गन पूर्ण बसून गाडी आणि यंत्र यांची एकमेकांशी खात्री पटेपर्यंत मुख्य वीज सुरूच होत नाही. धोका असतो तो निकृष्ट अर्थिंगचा, उघड्या जोडण्यांचा आणि पाणी साचणाऱ्या जागांचा. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडाले, ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना चार्जरचा चौथरा किती उंच असावा हे वेगळे सांगायला नको. किनारपट्टीवर खाऱ्या हवेने पॅनेल आणि जोडण्या लवकर गंजतात. तेथे देखभालीचे वेळापत्रक देशावरच्यापेक्षा दाट हवे. आणि प्रत्येक चार्जरवर छप्पर हवे, ही साधी गोष्ट अजूनही अपवादानेच दिसते.

ज्यांच्याकडे स्वतःचे पार्किंग नाही त्यांनी काय करावे?

सर्वांत अवघड प्रश्न हाच आहे. चाळीत, जुन्या इमारतीत राहणारा, रस्त्याच्या कडेला गाडी लावणारा माणूस, टॅक्सीचालक, यांच्यासाठी सार्वजनिक चार्जर ही रोजची गरज आहे. नागपुरात मे २०१७ मध्ये टॅक्सी, रिक्षा अशा २०० विजेच्या वाहनांचा प्रयोग सुरू झाला, तेव्हा हे फार लवकर दिसले होते: चालकांचा वेळ चार्जिंगच्या रांगांत जाऊ लागला, कमाई घटली आणि आसपासच्या रहिवाशांनी रस्त्यावरील गाड्यांच्या गर्दीबद्दल तक्रारी केल्या. गाड्या आणि चार्जर एकत्र वाढले नाहीत तर भुर्दंड सर्वांत आधी रोजंदारीवर जगणाऱ्याला बसतो.

अशा वस्त्यांत जलद चार्जरपेक्षा महापालिकेच्या वाहनतळांवर आणि दिव्यांच्या खांबांजवळ रात्रभर चालणारे अनेक संथ चार्जर अधिक उपयोगी ठरतील. त्यांना मोठे रोहित्र लागत नाही. अडचण जागा राखण्याची आहे: चार्जरसमोर पेट्रोलची गाडी लावून निघून जाणाऱ्यावर कारवाई होत नाही, तोवर तो चार्जर असून नसल्यासारखाच.

सरकारचा पैसा नेमका कुठे जातो?

विजेच्या वाहनांना अनुदान देणाऱ्या केंद्राच्या फेम योजनेच्या १०,००० कोटींच्या दुसऱ्या टप्प्यात १,००० कोटी रुपये चार्जिंगसाठी होते आणि पुढे तेल कंपन्यांच्या पंपांवर ७,४३२ जलद स्टेशनांसाठी ८०० कोटी मंजूर झाले. केंद्राच्याच ऑक्टोबर २०२४ पासूनच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत सुमारे ७२,३०० चार्जरांसाठी २,००० कोटींची तरतूद आहे आणि त्यांपैकी २२,१०० चारचाकींसाठी आहेत. रोहित्र, वाहिनी आणि केबल यांचा खर्च अनुदानात धरला गेला, ही जमेची बाजू.

चार्जर बंद निघाला तर मी काय करावे?

आधी लाल बटण पाहावे. ते आत दाबलेले असेल आणि यंत्र शाबूत दिसत असेल, म्हणजे तार तुटलेली नाही, जळका वास येत नाही, पाणी शिरलेले नाही, तर बाणाच्या दिशेने पिळून सोडावे आणि दोन मिनिटे थांबावे. गन काढून पुन्हा घट्ट बसवावी, गाडी एकदा कुलूपबंद करून उघडावी. तरीही चालू झाले नाही, तर पडद्यावरील बिघाड दर्शवणाऱ्या (एरर) क्रमांकाचे आणि यंत्रावरील ओळख क्रमांकाचे छायाचित्र काढून ॲपवर तक्रार नोंदवावी आणि तिचा क्रमांक घ्यावा. मग नकाशावर त्या ठिकाणाखाली तारीख आणि वेळ घालून दोन ओळी लिहाव्यात. मागून येणारा कोणीतरी, बहुधा त्याच रात्री, पुढच्या टोलनाक्याआधी त्या दोन ओळी वाचणार असतो.